चीफ आणि सुयांचं टेबल

चीफच्या घराच्या दाराला उंबरठा नव्हता, छोटी भिंतच होती. घोट्याच्या बरीच वर आणि गुडघ्याच्या थोडी खाली. जहाजावर दारांना असा उंच काठ असतो, पाणी एका खोलीतून दुसरीत शिरू नये म्हणून. चीफनी नवं घर बांधताना गवंड्याला तसाच काठ घालायला लावला.

गवंडी म्हणाला, "काऊन जी चीफसाहेब, आपल्या अंगणात पाणी येते कोठून?"

चीफ म्हणाले, "आलं म्हणजे?"

गवंड्यानं काठ घातला. पुढं त्या काठाला अडखळून गावातली बरीच प्रतिष्ठित मंडळी चीफच्या घरात तोंडावर पडत प्रवेश करती झाली. सरपंच पडले, पोस्टमन पडला, पुतणीला पाहायला आलेल्या पाहुण्यांपैकी मुलाचा मामा पडला आणि त्याच्या हातातली मिठाई सगळ्यात आधी आत पोचली. चीफ खुर्चीतून न उठता सांगायचे, "पाय उचलून, जी, पाय उचलून."

त्यांचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं, प्रतापगडच्या बाजूचं. समुद्र तिथून कुठल्याही दिशेला निघा, लांबच. गावाला तलाव मात्र मोठा, आणि तो आपल्याच पूर्वजांनी बांधला असं चीफ सांगायचे. गावही ते कबूल करायचं. "आमच्या लोकायनं सारी जिंदगी पाणी अडवलं," ते म्हणायचे, "मीच एक निंघालो पाण्याच्या मागं जाणारा." चीफ हा त्यांचा नौदलातला हुद्दा, खरं नाव गावात कुणी घेत नसे. काकूंना ते माहीत होतं, पण काकू नवऱ्याचं नाव घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या हाक मारायच्या, "अजी!" आणि त्या एका 'अजी'त चीफना आपण कुठं चुकलो ते कळायचं.

माझी त्यांची ओळख जहाजावरची. मी नवा होतो, पहिल्याच सफरीत कठड्याला धरून ओकत होतो. मागून कुणीतरी विचारलं, "काय होऊन रायलं?" बंगालच्या उपसागरात 'होऊन रायलं' ऐकून मी ओकायचं विसरलो. वळून पाहिलं तर जाड मिशांचा, बुटका, गोल माणूस, दोन्ही हात मागं बांधून उभा.

"काई नाई जी," मी म्हणालो.

"कोठचा?"

"गोंदियाचा."

"गोंदिया मोठं आहे. कोठचा?"

"कामठ्याचा."

"मंग असं सांग ना." त्यांनी खिशातून चिंचेची गोळी काढून दिली. त्या दिवसापासून माझं नाव कामठा. पुढं मी बढती घेतली, लग्न केलं, निवृत्त होऊन गोंदियात इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान टाकलं, पण चीफच्या तोंडी मी कामठाच राहिलो. माझ्या बायकोला ते "कामठाबाई" म्हणायचे. ती मूळची बालाघाटची. हा कसला मान आहे हे तिला अजून कळलेलं नाही.

नौदलातून पेन्शन घेऊन बाहेर पडलं तरी काही वर्षं माणूस राखीव दलात धरला जातो. गरज पडली तर परत बोलावतात. हे आम्हाला निवृत्तीच्या वेळी एकदा सांगतात आणि आपल्या स्टेशनावर गाडी लागेपर्यंत आम्ही ते विसरतो. चीफ विसरले नाहीत. दर रविवारी सकाळी अंगणातल्या बाजेवर ते सगळं किट मांडायचे. पांढरा गणवेश, बूट, दाढीचं सामान, सुईदोरा, एक डबा भाजलेले शेंगदाणे. मग शिट्टी वाजवायचे. शिट्टी वाजली की काकूंनी पाण्याची बाटली घेऊन बाजेच्या उजव्या अंगाला येऊन उभं राहायचं, असा नियम होता. काकू यायच्या, पण हातात जे असेल ते घेऊन. कधी झाडू, कधी अर्धवट सोललेली वांगी.

"बाटली कोठी आहे?" चीफ विचारायचे.

"जहाज कोठी आहे?" काकू विचारायच्या.

एका रविवारी बकरीनं टोपीची काळी फीत खाल्ली. चीफनी तिला गुन्हा वाचून दाखवला आणि आठवडाभर बाहेर सोडायची नाही अशी शिक्षा दिली. जहाजावर शिस्त मोडली की बंदरावर उतरायची सुट्टी बंद करतात, त्यातलाच प्रकार. शिक्षेचा चारा काकूंना आणावा लागला. आठवडाभर काकू बकरीशी बोलल्या, चीफशी नाही.

तलावावरच्या मासे धरणाऱ्या लोकांना तर त्यांचा फार जाच. डोंगी पाण्यात घातली की चीफ तलावाच्या पाळीवर, बांधावर, उभे राहून ओरडायचे, "उजवीकडं वजन जास्त होऊन रायलं!" कुणी चुकून ऐकून डावीकडं सरकला की डोंगी हमखास उलटायची. पाणी कमरेएवढं. चीफ मात्र धोतर खोचून उडी मारायचे आणि माणसाला केसांना धरून किनाऱ्यावर आणायचे. "मी उभा आहो ना जी पाण्यात, माणूस बुडते कसा?" असं तो ओरडत राहायचा. चीफ म्हणायचे, "घाबरू नोको. धरलं आहे तुले."

असा हा माणूस. ह्याला कशाची भीती असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग एका उन्हाळ्यात सीमेवर वातावरण तापलं. टीव्हीवर रोज नकाशे आणि बाण दिसायला लागले. एका दुपारी मी दुकानात बॅटरीत पाणी भरत होतो, तेवढ्यात फोन आला. पलीकडून आधी शिट्टी वाजली, मग आवाज.

"कामठा! बोलावणं आलं!"

दुकान नवं, उन्हाळ्यात इन्व्हर्टरचा धंदा जोरात, बायकोला सहावा महिना. मी म्हणालो, "चीफ, मला तर काही आलं नाही."

"मोबाईल पाय."

पाहिलं. आलं होतं.

निरोप असा होता की आसपासच्या जिल्ह्यांतल्या राखीव नौसैनिकांची तपासणी गोंदियातच होईल. पथक इथं येईल. ओळख पटवणं, वैद्यकीय तपासणी, लसी, घरच्यांची माहिती, किट. एकेका टेबलावरून पुढं सरकायचं. सगळ्या टेबलांवरून पार पडला तो 'फिट', आणि फिट झालेल्यांना गरजेप्रमाणं बंदरावर पाठवणार. जागा मात्र ऐन लगीनसराईत मिळेना, म्हणून त्यांनी एक मंगल कार्यालय दिवसापुरतं घेतलं होतं. संध्याकाळी तिथं खरोखरचं लग्न होतं.

त्यामुळं आम्ही पोचलो तेव्हा कमानीवर आणि आतल्या भिंतींवरही झेंडूच्या माळा आणि 'शुभ विवाह' लिहिलेलं होतं. आत स्टेजवर नवरानवरीच्या लाल मखमली सिंहासनापैकी एकावर नौदलाच्या डॉक्टरबाई बसल्या होत्या, दुसऱ्यावर लसींचा खोका. केटरिंगवाले मागं कांदे चिरत होते, त्यामुळं तपासणीला आलेले सगळे धट्टेकट्टे पुरुष डोळे पुसत रांगेत उभे होते. एक म्हातारी मौसी आहेराचं पाकीट घेऊन सकाळीच आली होती. तिनं आमच्याकडं पाहून मला विचारलं, "भैया, इनमें दूल्हा कौन है?"

मी सगळ्यात पुढच्या माणसाकडं बोट दाखवलं. चीफ पूर्ण पांढऱ्या गणवेशात, मिशा पिळून, छाती काढून उभे होते. पोट आत घेतल्यामुळं ते मधूनमधून फक्त श्वास सोडायला रांगेबाहेर जात. मौसीनं त्यांना नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "थोड़ा उमर का है, पर ठीक है."

चीफ गावाहून पिकअपमधून आले होते. सोबत किट आणि काकू. काकूंच्या हातात मोठा डबा. "जहाजावर पोचवाले आली का काय, काकू?" मी विचारलं.

"जहाजाचं मले मालूम नाई जी," त्या म्हणाल्या, "ह्यायले उपाशीपोटी बायेर पाठवत नाई मी."

पहिलं टेबल झालं. वजनाचं टेबलही झालं. चीफनी वजनकाट्यावर चढण्याआधी बूट, पट्टा, घड्याळ आणि शेवटी खिशातले शेंगदाणेसुद्धा काढून काकूंच्या हाती दिले. माझं ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं. डॉक्टरबाई म्हणाल्या, बाजूला बसा, थोड्या वेळानं परत बघू. म्हणून मी स्टेजच्या पायरीवर बसलो, आणि पुढचं सगळं मला अगदी जवळून दिसलं.

सुयांच्या टेबलाशी चीफचा पहिला नंबर होता. पाहतो तर ते मागच्याला म्हणत होते, "तुमी जा ना जी, तुमची बस असल." तो गेला. त्याच्या मागच्याला म्हणाले, "तिरोड्याचे ना तुमी? ऊन होईल, जा." मग भंडाऱ्याचा गेला, देवरीचा गेला. थोड्या वेळानं गोंदियातच, दोन गल्ल्या पलीकडं राहणारा एक होता. त्यालाही चीफ म्हणाले, "तुमी लांबून आले, व्हा पुढं."

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. जहाजावर लसीकरणाची हाक आली की चीफ नेहमी डोलकाठीवर चढलेले असायचे. काहीतरी रंगवत. आम्हाला कौतुक वाटायचं, काय माणूस आहे, कामातून डोकं काढत नाही.

रांग संपली. चीफ एकटे उरले.

"आइए चीफ," डॉक्टरबाई म्हणाल्या. केरळच्या असाव्यात, हिंदी सावकाश बोलायच्या. "टीके का कार्ड?"

"मॅडम, हमको सब लग गया है."

"कार्ड?"

"बकरी ने खाया."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी पुष्कळ कारणं ऐकली असतील. हे नवीन असावं. चीफनी साक्षीदार म्हणून काकूंकडं पाहिलं. "सांग ना वो. खाल्लं का नाई बकरीनं?"

काकू उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "खाल्लं जी मॅडम. पण तिनं स्वतःहून नाई खाल्लं. ह्यायनं चारलं."

मंगल कार्यालयात कांदे चिरणंसुद्धा थांबलं.

"अवो!" चीफ म्हणाले.

"गुळ लावून चारलं," काकू म्हणाल्या. "मी पायलं ना. कार्ड सारं कोरं होतं."

कार्ड नाही म्हणजे सगळ्या सुया पहिल्यापासून. डॉक्टरबाईंनी खोका उघडला. एक, मग दुसरी, मग तिसरी सुई ट्रेमध्ये ठेवली. चीफच्या मिशांची टोकं खाली आली. ते म्हणाले, जरा बाथरूमला जाऊन येतो. बाथरूमच्या दारात काकू डबा घेऊन उभ्या. ते म्हणाले, पाणी पिऊन येतो. पाणी मी आणून दिलं. मग ते माझ्या शेजारी पायरीवर येऊन बसले. पोट आत घ्यायचं विसरून गेले होते. बुटका गोल माणूस, पांढरे कपडे, वर झेंडूची माळ लोंबते.

"कामठा," ते हळू आवाजात म्हणाले, "लहानपणी कुत्रा चावला होता. पोटात देल्ल्या सुया. चौघायनं धरलं होतं मले. तवापासून."

"सांगायचं की चीफ. कुणी हसलं असतं का?"

"तू हसला असता."

हे खरं होतं.

डॉक्टरबाई वरूनच म्हणाल्या, "चीफ, जबरदस्ती नहीं है. आप मना कर सकते हैं. पर फिर मैं फिट नहीं लिख सकती."

दर रविवारी मांडलेलं ते किट त्यांच्या पायाशी पडलं होतं. त्यांनी त्याच्याकडं पाहिलं. बाहेर संध्याकाळच्या लग्नाचा बँड येऊन टेकला होता, कुणीतरी ढोलाच्या दोऱ्या ताणत होतं. कार्यालयाचा मॅनेजर दारातून घड्याळ दाखवायला लागला.

चीफ उठले. "कामठा, तू ऑर्डर दे."

"मी? तुम्हाला?"

"दुसऱ्यानं सांगतलं का माया पाय ऐकते. मी सांगतलं तर नाई ऐकत. दे."

सगळ्या नोकरीत मी त्या माणसाला साधं "सरका" म्हटलं नव्हतं. तरी उभा राहिलो, घसा साफ केला आणि ओरडलो, "चीफ! सावधान!"

टाचा अशा वाजल्या की मौसी खुर्चीत दचकली. चीफ ताठ. नजर समोर, 'शुभ विवाह'च्या 'भ'वर. डॉक्टरबाईंनी बाही वर केली. सुई टेकणार तेवढ्यात चीफनी मोठ्यानं दोरखंडाच्या गाठींची नावं घ्यायला सुरुवात केली. रीफ नॉट! बोलाइन! क्लोव्ह हिच! प्रत्येक नाव आधीच्यापेक्षा वरच्या पट्टीत. पहिली सुई झाली. दुसऱ्या दंडाला दुसरी झाली. शीप शँक! फिगर ऑफ एट! तिसरीला गाठी संपल्या. चीफ क्षणभर अडकले आणि मग ओरडले, "वांग्याची भाजी!" आणि नेमका त्याच क्षणी बाहेर बँडवाल्यांनी सूर धरला.

तिसरी सुई बाहेर आली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "शाबास, चीफ, हो गया."

चीफ पडले. पण कसे पडले! गुडघा वाकला नाही, हात हलले नाहीत. कापलेल्या सागासारखे सावधानमध्येच मागं गेले, आणि मागं नवरीकडच्या गाद्यांची चळत होती म्हणून बरं. गादीवरही सावधानच. अंगठे पँटच्या शिवणीला चिकटलेले.

काकू धावल्या. डब्यातलं पाणी म्हणून त्यांनी जे तोंडावर मारलं ते ताक होतं. चीफनी मिशा चाटल्या आणि डोळे उघडले.

"फिट?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरबाई हसू दाबत म्हणाल्या, "गिरे जरूर, लेकिन डिसिप्लिन में गिरे." आणि त्यांनी 'फिट' लिहिलं.

राहिलं होतं घरच्या माहितीचं टेबल. तिथले साहेब मराठी होते. त्यांनी नेहमीच्या सुरात विचारलं, "काही बरंवाईट झालं तर कुणाला कळवायचं?"

"कामठाले," चीफ म्हणाले.

काकूंनी डब्याचं झाकण जोरात लावलं. "काऊन? मी का मेली का?"

"तसं नाई वो."

"मंग कसं?"

चीफ साहेबांकडं बघून बोलायला लागले, काकूंकडं नाही. "घरी ही एकटी असते, साहेब. एकदम फोन आला तर... आधी कामठाले सांगा. तो जाईल, बसल, चहा घेईल, मंग सांगल."

मी म्हणालो, "पण चीफ, मी तर तुमच्यासोबतच असणार. एकाच जहाजावर असलो तर?"

"तू वाचते," चीफ म्हणाले. "तू भेकड आहे. लाइफबोटीत सगळ्यायच्या आधी बसशील."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मला नाही म्हणवेना.

काकू टेबलाशी आल्या. "लिवा जी साहेब, माया नाव लिवा. चहा घेऊन सांगणारा नाई पायजे मले. ह्यायच्या साऱ्या गोष्टी मीच ऐकल्या एवढे वर्षं. शिट्टी बी मीच ऐकली. तेही मीच ऐकीन."

चीफ खाली मान घालून गणवेशावरचं ताक पुसत राहिले. साहेबांनी नाव लिहिलं.

मॅनेजरनं हॉल रिकामा करायला लावला. जाताजाता डॉक्टरबाईंनी माझं ब्लडप्रेशर परत पाहिलं. आधीपेक्षा वाढलं होतं. औषध घ्या, तूर्त तुम्ही घरीच, असं त्या म्हणाल्या. मला हायसं वाटलं, आणि कमानीखालून बाहेर पडताना उगाच लाजही वाटली. चीफ पिकअपमध्ये चढत म्हणाले, "कमाल आहे तुई. सुया मले टोचल्या आणि बीपी तुया वाढला."

मौसीनं आहेराचं पाकीट काकूंच्या हातात कोंबलं आणि दोघांना आशीर्वाद दिला. काकूंनी ते परत करायचा पुष्कळ प्रयत्न केला.

चीफना खरंच बोलावलं. धान कापणीला आलं तेव्हा ते परतले. मधल्या काळात आम्हाला मुलगी झाली, वातावरण निवळलं, टीव्हीवरचे नकाशे गेले. मधूनमधून मी काकूंकडं जाऊन यायचो. मी दिसलो की आधी त्यांचा चेहरा उतरायचा. मग मी लांबूनच ओरडायला लागलो, "सहज आलो जी काकू, सहज!"

चीफ परतल्यावर गावानं बसथांब्यावर फटाके लावले. शाळेसमोर खुर्च्या मांडल्या, सरपंचांनी हार घातला आणि म्हणाले, आता चीफसाहेब आपल्याला तिकडचा अनुभव सांगतील. सगळा गाव पुढं सरकून बसला. तोफा, पाणबुड्या, काय काय मनात असेल लोकांच्या.

चीफ उभे राहिले. "मी तेथी गोदामात होतो," ते म्हणाले. "कंबल मोजत होतो. जहाज खिडकीतून दिसे."

एक म्हातारा म्हणाला, "बस?"

"खिडकीले जाळी होती," चीफ म्हणाले.

लोक एकमेकांकडं पाहायला लागले. चीफनी माझ्याकडं पाहिलं, काकूंकडं पाहिलं, आणि गळ्यातला हार काढून सरपंचांच्या हाती दिला. "पण जायच्या आधी गोंदियाले काय झालं, ते सांगतो," ते म्हणाले.

आणि त्यांनी सगळं सांगितलं. लहानपणचा कुत्रा, डोलकाठी, कोरं कार्ड, गूळ. डॉक्टरबाई ते स्वतःच झाले, मौसी झाले, काकूही झाले. रांगेतून एकेकाला पुढं पाठवताना ते स्वतःच इतके हसले की वाक्य पुरं होईना. लोक पोट धरून लोळत होते. शेवटी ते ताठ उभे राहिले, गाठींची नावं घेतली, "वांग्याची भाजी!" म्हणून ओरडले, आणि सावधानमध्ये मागं पडले. ह्या वेळी मागं गाद्या नव्हत्या. धाडकन आवाज झाला.

हसू एकदम थांबलं. चीफ हलेनात. बायका पाणी आणायला धावल्या. मी पळत गेलो, गुडघे टेकून त्यांच्या तोंडाशी कान नेला.

डोळे मिटूनच, ओठ न हलवता चीफनी विचारलं, "कामठा, लोक हसून रायले का?"

"नाही चीफ," मी म्हणालो. "घाबरले. काही बाया रडून रायल्या."

"मंग राहू दे," चीफ म्हणाले. "थोडा वेळ पडतो."